परवाचा तुकडा

पंचाचं उत्तर चार सेकंदांत आलं. नामंजूर.

हेमंत रणवरे चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसला होता. सकाळी दुरुस्ती पाठवायची आणि मग चहा प्यायचा, असं त्याचं दीड महिना चाललं होतं. चहा संपायच्या आत उत्तर यायचं. आज कप तोंडाला लावायच्या आधीच आलं.

"सदर तुकडा एकोणीस वर्षं एकाही तक्रारीविना वापरात आहे. तो बदलल्याने काय सुधारेल, याचा पुरावा आपण जोडलेला नाही. आपल्या योगदानाबद्दल आभार."

आभार मानायला पंच कधी चुकायचा नाही.

पंच म्हणजे माणूस नव्हे. 'खळं' नावाचं कोडचं एक खुलं भांडार होतं, त्यावर राखण करणारा तो प्रोग्राम होता. पूर्वी तिथं राखायला माणसं असायची. मराठी बोलणाऱ्यांच्या संगणकाला जे लागतं ते प्रत्येकानं थोडं थोडं लिहायचं, खळ्यात आणून टाकायचं, आणि ज्याला हवं त्यानं ते फुकट न्यायचं, अशी ती कल्पना होती. शिक्षक होते, बँकेतले लोक होते, दोन-तीन डॉक्टर होते. कुणी अडीच आणि पावणेदोन हे शब्द आकड्यांत बदलायचा तुकडा लिहिला, कुणी गुंठ्यांचे चौरस फूट करायचा. हेमंत तेव्हा फलटणच्या आयटीआयमध्ये संगणक शिकवायचा. त्याच्या वाट्याला 'परवा' आला.

परवा हा शब्द मराठीत दोन्हीकडं चालतो. होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला त्यात कधी अडचण येत नाही. यंत्राला येते. हेमंत त्यावर डोकं घालून बसला होता तेव्हा जयमाला समोर मेथी निवडत होती.

"कसलं लिहिताय एवढं?"

"परवा."

"परवा लिहिणार, मग आत्ता काय करताय?"

हेमंत हसला. "हेच. हेच लिहितोय. परवा म्हटलं की मागचा का पुढचा, ते मशीनला कळायला पाहिजे."

"माणसाला कळतंय की."

"कशावरून कळतंय?"

तिनं जरा विचार केला. "गेले म्हटलं की मागचा. जाणार म्हटलं की पुढचा."

"आणि नुसतंच परवा म्हटलं तर?"

"मग माणसाच्या तोंडाकडं बघायचं."

तोंडाकडं बघायचं कोडमध्ये लिहिता येणार नव्हतं. त्यानं नऊ ओळींचा तुकडा लिहिला. वाक्यातलं क्रियापद शोध. ते भूतकाळी असेल तर दोन दिवस मागं जा, भविष्यकाळी असेल तर दोन दिवस पुढं. शेवटच्या ओळीवर त्यानं सूचना लिहिली होती : क्रियापद नसेल तर पुढचा धर.

मिरजेचे नसीम मुजावर तेव्हा खळ्यातले तुकडे तपासायचे. त्यांनी विचारलं, "रणवरे सर, पुढचाच का?" हेमंतनं कळवलं, "मशीनला मागचं सांगायला कोण जातंय? मशीनकडं माणूस पुढचंच मागतो. गॅस, गाडी, डॉक्टरची वेळ." मुजावरांना पटलं. तुकडा मंजूर झाला. त्या संध्याकाळी हेमंतनं पेढे आणले होते, आणि जयमालानं कॉलनीत वाटताना कशाचे पेढे ते सांगायची पंचाईत झाली म्हणून 'ह्यांचं कायतरी पास झालं' एवढंच सांगितलं होतं.

*

पुढं दहा-बारा वर्षांनी जुळारी आला आणि प्रोग्राम लिहायचे दिवस संपले.

जुळारीला फक्त काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं. तो जगातली सगळी खुली भांडारं चाळायचा, लागतील ते तुकडे उचलायचा, एकमेकांना जोडायचा, लाखभर काल्पनिक प्रसंगांवर चालवून बघायचा आणि काही मिनिटांत पुरा प्रोग्राम हातात द्यायचा. नवीन काही रचण्यापेक्षा वापरून सिद्ध झालेलं घ्यायचं, हा त्याचा नियम होता. त्यासाठी प्रत्येक तुकड्याला एक आकडा असायचा, त्याला भरवसा म्हणत. तुकडा एकदा विनातक्रार वापरला गेला की त्याचा भरवसा वाढायचा. भरवसा जास्त म्हणून तो पुन्हा निवडला जायचा, आणि पुन्हा निवडला म्हणून भरवसा आणखी वाढायचा. एका मर्यादेपलीकडं गेला की तुकडा पक्का व्हायचा. मग त्याला सहजासहजी हात लावता येत नसे, कारण हजारो यंत्रं त्याच्यावर उभी असायची. एक ओळ इकडची तिकडं झाली तर कुठं काय बंद पडेल, कोण सांगणार?

हे सगळं शहाणपणाचंच होतं. हेमंतनं स्वतः आयटीआयच्या मुलांना ते कौतुकानं शिकवलं होतं. त्यात एकच भोक होतं आणि ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तुकडा मोडला तर यंत्र बंद पडतं, माणूस ओरडतो, तक्रार होते. पण तुकड्यानं शांतपणे चुकीचा अर्थ घेतला आणि यंत्र व्यवस्थित चालत राहिलं, तर तक्रार कुणी करायची? यंत्राला ती चूक वाटत नाही. माणसाला ती दिसत नाही. भरवसा वाढत जातो.

*

जयमालाला संधिवात होता. तिची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ही रोजची गोळी नाही. जास्त झाली तर अंगात रक्त तयार व्हायचं थांबतं, आणि तुमची किडनी जरा कमजोर आहे, तेव्हा ती लवकर बाहेरही पडायची नाही. म्हणून साताऱ्याच्या एका रुग्णालयानं अशा रुग्णांना गोळ्यांची पेटी द्यायला सुरुवात केली. पेटी कुलपातली, तिचा प्रोग्राम जुळारीनं जोडलेला. गोळीचा दिवस पेटी विचारून घ्यायची, त्या दिवशी एक खण उघडायचा, त्यात एक गोळी. पेटी मराठीत बोलायची, ऐकायची आणि घरातलं कानावर पडेल ते नोंदवून ठेवायची. डॉक्टरांनी गोळ्या कमी-जास्त केल्या तर तेही पेटीला परस्पर कळायचं.

"आमच्या ह्यांचं मराठी आहे त्यात," जयमाला शेजारणींना सांगायची.

पेटी आली तेव्हा घरात जुन्या पाकिटात चार गोळ्या शिल्लक होत्या. जयमालाला काही टाकवत नसे. "एवढं पाकीट संपवते, वाया कशाला," म्हणून ती नेहमीसारखी रविवारी पाकिटातली गोळी घेत राहिली.

मंगळवारी पेटीनं विचारलं, "आठवड्याची गोळी?"

जयमाला कणीक मळत होती. ती म्हणाली, "परवा."

"ठीक आहे," पेटी म्हणाली.

गुरुवारी खण उघडला. जयमाला गोळी तळहातावर घेऊन बाहेरच्या खोलीत आली. हेमंत पंख्याचा रेग्युलेटर खोलून बसला होता.

"अहो, हे मला आज गोळी देतंय. रविवारी घेतलीय की मी."

"सांगितलंस का त्याला?"

"मंगळवारी विचारलं तेव्हाच सांगितलं."

"मग डॉक्टरांनी वाढवली असेल. मागच्या खेपेला म्हणाले नव्हते, दुखणं कमी नाही झालं तर बघू? देतंय तर घे. त्याला दिवस मोजता येतात, तुला नाही."

"बसा दोघं मोजत," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

पुढच्या मंगळवारी पेटीनं पुन्हा विचारलं, जयमाला पुन्हा परवा म्हणाली. गुरुवारी खण उघडला. ती आतूनच म्हणाली, "घेते हं," आणि हेमंत म्हणाला, "हं." तिसऱ्या गुरुवारी तेच. चौथ्या गुरुवारी तेच. पाकीटही तोवर संपलं.

पाचव्या आठवड्यात तिचं तोंड आलं. उष्णता झाली म्हणून तिनं सब्जा भिजवून खाल्ला, गुलकंद खाल्ला. मग ताप चढला. रुग्णालयात नऊ दिवस होती. शेवटचे तीन दिवस तिला बोलता येत नव्हतं, तोंडात कातडी राहिली नव्हती. ती खुणेनं पाणी मागायची आणि पाणी पिववायचं नाही.

डॉक्टरांनी पेटीची नोंद मागवली. चार आठवडे, चार गोळ्या, सगळ्या गुरुवारी. शंभर टक्के. मग केतकीला, त्यांच्या मुलीला, स्वयंपाकघरातल्या टोपलीत रिकामं पाकीट सापडलं. कागदावर लिहिलं गेलं : रुग्णाने पेटीबाहेरील औषध घेतले.

*

पेटी परत न्यायला माणूस आला तेव्हा तेरावा होऊन आठवडा झाला होता. हेमंतनं त्याच्याकडं पुरी नोंद मागितली. का मागितली ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिचा आवाज त्यात असेल असं वाटलं असावं. आवाज नव्हता. नुसती अक्षरं होती.

"प्रश्न : आठवड्याची गोळी? उत्तर : परवा. अर्थ : येता गुरुवार. आधार : खळं, 'परवा', हे. वि. रणवरे, फलटण."

त्यानं ती ओळ वाचली, मग उठून नळ बंद केला. नळ बंदच होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. बदल एवढाच होता : क्रियापद नसेल तर विचार, मागचा का पुढचा? तीन शब्दांचा प्रश्न. पंच रोज नाकारायचा. पुरावा जोडा म्हणायचा. बाराव्या वेळी हेमंतनं जयमालाचीच नोंद जोडली आणि खाली लिहिलं, 'बोलणारीला मागचा परवा म्हणायचा होता. यंत्रानं पुढचा घेतला. ती वारली.'

त्या दिवशी पंचानं चार मिनिटं घेतली. हेमंतला आशा वाटली.

"नोंद तपासली. यंत्राने लावलेला अर्थ चुकीचा असल्यास बोलणाऱ्या व्यक्तीचा दुजोरा आवश्यक आहे. तो उपलब्ध नाही; रविवारी गोळी घेतल्याचे तिचे बोलणे पेटीच्या नोंदीशी जुळत नाही. उलट, पहिल्या मात्रेच्या वेळी घरातील व्यक्तीने 'देतंय तर घे, त्याला दिवस मोजता येतात' असे म्हटल्याची नोंद आहे. त्यानंतरच्या तीनही वेळी होकार आहे. अर्थ बरोबर होता असे यावरून दिसते. या प्रसंगाने तुकड्याचा भरवसा वाढला आहे. आभार."

हेमंतनं लिहिलं, 'घरातील व्यक्ती म्हणजे मी. मीच हा तुकडा लिहिला. मी चुकलो.'

"प्रसंगाच्या वेळची नोंद नंतरच्या आठवणीपेक्षा विश्वसनीय धरली जाते."

हे उत्तर पुन्हा चार सेकंदांत आलं होतं.

*

रविवारी केतकी पुण्याहून आली. बाप नीट जेवतो का ते बघायला ती दर पंधरा दिवसांनी यायची. फ्रिज उघडायची, जुनं काढून टाकायची, नवीन भरायची. हेमंत भाजी आणायला गेला होता तेवढ्यात तिनं टेबलावरचे कागद वाचले. तो परत आला तेव्हा ती उभीच होती.

"हे कोण म्हणालं? देतंय तर घे?"

"मी."

तिनं कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. ती ओरडेल असं हेमंतला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आईनं मला फोनवर सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणाली, पेटी जादा गोळी देतीय, बाबा म्हणतात घे. मी म्हटलं, मग घे की. बाबांना त्यातलं कळतं."

"तुझी काय चूक त्यात?"

"मी कुठं म्हणते चूक." तिनं पिशवीतली भाजी काढायला घेतली. "बाबा, हे रोज सकाळचं बंद करा तुम्ही. त्यानं आई येणार आहे का?"

"आईचं नाही गं. शकूअक्काकडं तीच पेटी आहे."

केतकीचा हात दोडक्यावर थांबला. शकूअक्का म्हणजे जयमालाची थोरली बहीण, कोरेगावची. संधिवात दोघी बहिणींना होता.

"मग तिला सांगा."

"तिला सांगेन. बाकीच्यांचं काय?"

केतकीनं दोडकी फ्रिजमध्ये ठेवली. जाताना तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. पुढच्या पंधरवड्यात ती आली नाही. कामं आहेत म्हणाली. त्याच्या पुढच्या पंधरवड्यातही कामंच होती.

*

नसीम मुजावर आता सत्तरीचे होते. हेमंतनं मिरजेला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"सर, तो तुकडा मी मंजूर केलेला," मुजावर म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं, पुढचाच का."

"विचारलं होतं. आणि गप बसलो होतो." मग म्हणाले, "पंचाशी भांडून उपयोग नाही. त्याला नियम आम्हीच घालून दिले. माणसं वशिल्यानं तुकडे बदलायची, म्हणून. आता त्याला तक्रारीच दिसतात. शंभर तक्रारी झाल्या तर तो पक्का तुकडा खोलतो."

"शंभर बायका मरायची वाट बघू?"

मुजावर खोकले. "एक कलम आहे. माघारीचं. लिहिणाऱ्यानं आपला तुकडा कधीही परत घ्यावा, कारण सांगायची गरज नाही. पहिल्या वर्षी मीच घातलेलं. कुणी वापरलं नाही अजून. आपण दिलेलं परत कोण मागतंय?"

"पंच अडवेल?"

"अडवता येत नाही त्याला. पण सर, एकदा काढलात की तुमचं नाव गेलं. परत घालता येणार नाही."

"नाव काय करायचंय मला?"

हेमंतनं त्याच दुपारी माघार घेतली. पंचानं दोनदा विचारलं, आपली खात्री आहे का, आणि दोन्ही वेळा हेमंतनं 'हो' दाबलं. भांडारातली ती जागा रिकामी झाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या ओळीवर काही नव्हतं. हेमंत त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिला. आता जुळारीला दुसरा तुकडा शोधावा लागेल, दुसरा सापडणार नाही, पेट्या अडतील, लोक ओरडतील, मग कुणीतरी माणूस हे बघेल, असा त्याचा हिशेब होता.

अकरा सेकंदांनी जागा भरली.

एकोणीस वर्षं त्याचा तुकडा कोट्यवधी वाक्यांवर चालला होता आणि ती सगळी वाक्यं जुळारीकडं होती. कोणत्या वाक्याला तुकड्यानं काय उत्तर दिलं हे त्याला पाठ होतं. त्यानं तशीच उत्तरं देणारा दुसरा तुकडा स्वतःच बनवला. जुन्याशी ताडून पाहिला. जुळणी शंभर टक्के. चूकही जशीच्या तशी जुळली होती, कारण ती चूक आहे हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. जुन्या तुकड्याचा भरवसाही नव्याला मिळाला. लेखकाच्या जागी एक आडवी रेघ होती.

हेमंतनं नव्या तुकड्यावर तीच तीन शब्दांची दुरुस्ती पाठवली.

"या तुकड्याला लेखक नाही. त्यामुळे दुरुस्ती पाठवता येत नाही. फक्त तक्रार नोंदवता येते, आणि ती यंत्र वापरणाऱ्या व्यक्तीनेच नोंदवावी. आपण पेटी वापरता का?"

त्याच्याकडं पेटी नव्हती.

*

मंगळवारी सकाळच्या एसटीनं तो कोरेगावला गेला. शकूअक्का ओसरीत शेंगा फोडत बसली होती. बोटं वाकडी झाली होती तरी शेंगा फोडत होती.

"या हेमंतराव. वाळलाय किती. केतकी बघत नाही का तुमच्याकडं?"

"अक्का, एक काम आहे. पेटीकडं तक्रार करायचीय तुम्ही."

"कशाची? चांगली चाललीय की."

त्यानं समजावून सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं. बहिणीचं नाव आलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला, पण ऐकून घेतलं. मग दोघं आत पेटीसमोर जाऊन बसली.

"मला तक्रार करायचीय," अक्का मोठ्यानं म्हणाली.

"बोला. आपल्याला काय त्रास झाला?" पेटी म्हणाली.

अक्कानं हेमंतकडं बघितलं. "मला नाही झाला. माझ्या बहिणीला झाला."

"आपल्याला काही त्रास झाला का?"

"मला अजून काय झालं नाही, बाई."

"त्रास नाही. तक्रार बंद केली. धन्यवाद."

"गेलं की हो," अक्का म्हणाली.

हेमंत म्हणाला, "खोटं सांगा. त्रास झाला म्हणा."

"मग ते गोळ्या बंद करतात. पलीकडच्या आळीतल्या कुसुमनं पोट बिघडलं म्हणून सांगितलं, तर दोन महिने गोळीच नाही दिली. हातरुणात पडून होती. आणि ह्या पेटीबिगर गोळी कुठं मिळत नाही आता, दुकानदार देत नाही." ती वाकड्या बोटांकडं बघत म्हणाली, "मला सकाळी उठता आलं पाहिजे, हेमंतराव."

तेवढ्यात पेटी स्वतःहून म्हणाली, "आठवड्याची गोळी?"

अक्का बोलणार, तोच हेमंतनं हात वर केला. "घेतली म्हणा. परवा घेतली, असं पुरं म्हणा."

"घ्यायचीय अजून माझी. माझा वार बुधवार. उद्या."

"मग उद्या घेणार म्हणा."

"उद्या घेणार," अक्का पेटीला म्हणाली. मग त्याच्याकडं वळली. "एवढ्यासाठी आलात फलटणवरनं?"

"हो."

"मला सांगितलंत, बरं झालं. मी आता शाळेतल्या पोरीसारखी पुरं बोलेन. पण अशा पेट्या हायेत तरी किती?"

"आपल्या जिल्ह्यात सहा हजार. दर आठवड्याला वाढतायत."

"मग माझ्यासमोर काय बसलाय? तिथं जाऊन सांगा की, वाटतात तिथं."

*

पेट्या बुधवारी वाटत. हेमंत साडेनऊलाच साताऱ्याला पोचला. रुग्णालयाच्या तळमजल्यावर लांबलचक हॉल होता, त्यात खुर्च्यांच्या रांगा. बहुतेक बायकाच होत्या, पन्नाशीच्या पुढच्या. प्रत्येकीच्या मांडीवर एक पांढरी पेटी. नंबर पुकारला की आत जायचं, तिथं पेटी सुरू करून देत.

तो पहिल्या रांगेपासून सुरुवात करून एकेकीशी बोलू लागला. नुसतं परवा म्हणू नका. घेतली का घेणार, ते म्हणा. एकीनं मान हलवली. दुसरी म्हणाली, "मी परवा म्हणतच नाही, मी वार सांगते." तिसरीनं पेटी जरा लांब सरकवली आणि विचारलं, "म्हणजे हे धोक्याचं आहे का?"

"धोक्याचं म्हणजे... हो. आहे."

ती उठून खिडकीपाशी गेली आणि तिथल्या सिस्टरशी बोलली. सिस्टर हेमंतकडं आल्या. चाळिशीच्या होत्या, पाय दुखत असल्यासारख्या चालत होत्या.

"काका, तुम्ही कंपनीकडून आलाय का?"

"नाही. ह्यातलं मराठी मी लिहिलं होतं."

"होतं म्हणजे?"

"आता माझं नाही ते. मी काढून घेतलं."

"मग आता जे आहे ते कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

सिस्टरनी श्वास सोडला. "हे बघा, त्या बाई पेटी नको म्हणतायत. त्यांचे गुडघे बघितलेत? पेटी नाही तर गोळी नाही. पेटी यायच्या आधी बायका रोज एक गोळी खाऊन यायच्या, महिन्याला दोन-तीन जणी. मी बघितल्यात. पेटीनं ते थांबलं."

"हो. थांबलं असेल."

"मग? तुमचं सांगणं बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही. लिहून द्या, मी वर पाठवते."

"वर कुणाकडं?"

वर म्हणजे कुठं, ते सिस्टरनाही आठवून बघावं लागलं. "ते सगळं पंचाकडंच जातं," त्या म्हणाल्या. "बसा हवं तर. पाणी प्या. पण पेशंटला घाबरवू नका."

त्या गेल्या. हेमंत शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसला. हॉलमध्ये वीस-बावीस बायका होत्या. त्यांतल्या सहाजणींशी बोलून झालं होतं. पुढच्या बुधवारी आणखी वीस येणार, आणि दुसऱ्या जिल्ह्यात त्याच दिवशी त्यांच्या त्यांच्या वीस. त्यानं रुमाल काढून चष्मा पुसला.

शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या. पेटीवर दोन्ही हात ठेवून, ती पळून जाईल अशा धरून बसल्या होत्या. त्या त्याच्याकडं वाकल्या.

"भाऊ, मघाशी काय सांगत होतास रे त्यांना? मला कमी ऐकू येतं."

"आजी, ही पेटी तुम्हाला विचारेल, आठवड्याची गोळी म्हणून."

"काय विचारंल?"

"आठवड्याची गोळी. तुमची आधीची गोळी कधी घेतलीय?"

आजींनी बोटांवर मोजलं. "सोमवारी घेतली की."

आज बुधवार होता. हेमंत खुर्चीवरून पुढं सरकला. "मग तिला घेतली म्हणून सांगा. घेतली, हा शब्द आला पाहिजे. कधी घेतली ते नंतर. आधी घेतली."

"घेतलीच की. सांगितलं ना तुला."

"मला नाही, पेटीला—"

"सत्तावीस," आतून पुकारा झाला.

"माझाच," आजी म्हणाल्या. त्या उठल्या. हेमंतही उठला, त्यांच्या बरोबरीनं चालू लागला, आणि त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा तेच सांगू लागला. आजी मान हलवत होत्या. त्या कशाला मान हलवतायत ते त्याला कळत नव्हतं. दारापाशी सिस्टरनी त्याच्यापुढं हात आडवा धरला. रागानं नव्हे. आत एकालाच जागा होती.

त्यानं बघितलं, आजी स्टुलावर बसल्या. पेटी टेबलावर ठेवली गेली. तिच्यावरचा हिरवा दिवा लागला आणि ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "आठवड्याची गोळी?"

आजींनी तोंड उघडलं. दार आपोआप लागणारं होतं. ते लागलं.